मदतीचा समारंभ आणि कल्याणी गवारे हिची गैरहजेरी

शारदेस वंदन, गणेशास वंदन, आणि ज्यांचे हातीं खजिन्याच्या किल्ल्या त्यांसही वंदन, कीं त्यांवांचून कोणाचें अडलेलें काम सुटलें आहे! शके एकोणीसशें बेताळीस, शार्वरी नाम संवत्सरीं महामारीचा कहर जाहला आणि मुलुखाचीं दारें बंद जाहलीं. ते समयीं विद्यापीठ म्हणोन एक थोर राज्य होतें. त्याचें नांव घेणें नको, उगाच कोणाला लागायचें. तेथील विद्यार्थी वळकट्या बांधोन आपापले गांवीं गेले, आणि त्यांत कल्याणी गवारे म्हणोन एक मुलगी होती, पदवीचे अखेरचे वर्षास, डोकें चलाख आणि जीभ थोडी तिखट. तिचे तीर्थरूप बाळकृष्णराव लग्नांचे बँडांत क्लॅरिनेट वाजवीत. वरातीच बंद, मग क्लॅरिनेट कोण ऐकतो? घरीं मोबाइल होता तो जुना, बटणांचा. आणि राज्याचा हुकूम सुटला कीं, अखेरची परीक्षा मोबाइलचे पडद्यावर होईल, न देईल त्याचें वर्ष गेलें. वर्ष गेलें तर पुढली फी आणावी कोठून, म्हणजे शिक्षणच गेलें, या धास्तीनें मुलीचे तोंडास घांस गोड लागेना.

तेव्हां राज्याचे कुलगुरू, मनानें मऊ, यांणीं आपत्काळीं साह्यनिधी काढिला, आणि कल्याणीनें मोबाइलासाठीं मदत मागितली, आणि ती ज्येष्ठांतच मंजूर जाहली. परंतु त्या राज्यांत पूर्वापार चाल ऐसी कीं, समारंभावांचून कोणास कांहीं द्यावयाचें नाहीं. आधीं समई लावावी, मग स्वागतगीत व्हावें, मग पाहुण्यांस शाल-श्रीफळ व्हावें, मग पाहुण्यांचे हस्तें मदत व्हावी. आणि चार माणसें जमवूं नयेत ऐसा तर सरकारचा सक्त हुकूम! तेणेंकरून पैका खजिन्यांत निजला, आणि आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपदही गेला. मग समारंभांचे कारभारी त्र्यंबकराव केळापुरे, ज्यांची हयात हार-तुऱ्यांत गेली, यांणीं मसलत दिली कीं, दरबार मोबाइलचे पडद्यावर भरवावा. जो पडद्यावर हजर राहोन नांव पुकारतां हात जोडील त्यास मदत, जो गैरहजर त्याची रद्द. सर्वांनीं वाहवा केली आणि चहा घेतला.

दरबार ठरला अधिक आश्विनांत, सोमवारीं सकाळीं अकरास, आणि त्याच दिवशीं दोन वाजतां कल्याणीचा पहिला पेपर. मग ती त्या सकाळींच शेजारचे यमुनाकाकूंकडे मोबाइल मागावयास गेली. काकू बोलिल्या, "ने गं बाई, त्यात काय विचारतेस! पण त्यात रोजचं नेट एवढुसंच असतं हो, संपलं की संपलं. आणि उद्या मी लेकीकडे चाललेय बाळंतपणाला, तेव्हा फोन माझ्याबरोबर जाणार." दुसरा पेपर गुरुवारीं होता, म्हणोन मदत मिळणें अगत्याचेंच. कल्याणी ओटीवर मोबाइल उभा करोन बसली, आणि बाळकृष्णराव इस्त्रीचा सदरा घालोन मागें उभे राहिले. पाहुणे बडे सरदार, ते बारास उगवले. मग समई लावूं लागले तों पंख्यानें ज्योत विझे, "अहो, पंखा बंद करा कोणीतरी!" ऐसा गलबला जाहला. मग स्वागतगीत जाहलें, तेंही अडखळत. मग पाहुण्यांचा परिचय जाहला, तो त्यांचे बालवाडीपासोन. मग पाहुणे बोलों लागले, आणि ओठ हालती पण आवाज नाहीं, आणि सांगावयाची कोणाची छाती होईना, टाळ्या मात्र पडल्या! शेवटीं त्र्यंबकराव हळूच बोलिले, "साहेब, आपला आवाज येत नव्हता." तेव्हां साहेबीं तेंच भाषण पहिल्यापासोन पुन्हां केलें. इकडे मोबाइलानें इशारा दिला कीं, आजची रसद संपत आली. कल्याणी बोलिली, "बाबा, अजून नावंच सुरू नाही झाली. थांबले तर मदत मिळेल, पण पेपर बुडेल. काय करू?" बाळकृष्णराव बोलिले, "गुरुवारचं गुरुवारी बघू. आजचा पेपर सोडू नकोस, पोरी." आणि तिनें दरबाराचा पडदा मालविला, आणि डोळे पुसोन पेपरास बसली. पेपर चांगला गेला. परंतु गुरुवारीं काय, या विचारानें तिला भडभडोन आलें.

सायंकाळीं त्र्यंबकरावांनीं वर्दी दिली, "सरकार, पुष्कळ विद्यार्थी गैरहजर. म्हणजे गरज नव्हतीच मुळी! पैसे शिल्लक राहिले." कुलगुरूंस तें रुचेना. गैरहजरांत पहिलें नांव कल्याणीचें, ती ज्या मोबाइलावरोन दरबारीं आली होती तेथें त्यांणीं खासा फोन केला. काकू पिशवी भरीत होत्या, त्या बोलिल्या, "कुलगुरू? अगं बाई! थांबा हं, बोलावते तिला," आणि कुंपणावरोन हांक मारिली. कुलगुरूंनीं पुसिलें, "बाळ, मदत मंजूर असून तू मधेच का निघून गेलीस?" कल्याणीस राग आणि रडें एकदमच आलें. ती बोलिली, "सर, हजर राहायला जे लागतं, तेच तर मी तुमच्याकडे मागितलं होतं!" कुलगुरू बोलिले, "चुकलं आमचं." आणि त्र्यंबकरावांस आज्ञा जाहली कीं, सकाळीं सर्वांचे पैसे परभारें बँकेंत घालावे, समई लागो न लागो.

सारांश, गुरुवारचा पेपर कल्याणीनें स्वतःचे मोबाइलावर दिला. त्र्यंबकरावांचे मनास फार लागलें, म्हणोन पुढले आठवड्यांत त्यांणीं पडद्यावर आभाराचा समारंभ भरविला आणि मदत पावलेल्या सर्वांस निमंत्रणें धाडिलीं. कल्याणी गवारे तेथेंही गैरहजर राहिली. तिचा पेपर चालू होता.