शेरा : निष्कलंक

शनिवारी दुपारी मोजपट्टीने जाहीर केलं, की उद्या मामाच्या पाकिटावर दातांच्या डॉक्टरांना बोटसुद्धा ठेवता येणार नाही!

मोजपट्टी म्हणजे मामाची भाची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती साबणाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागली आणि मामाकडे राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिने दाराखालची फट, दुधाचं पातेलं आणि मामीची उंची मोजली. उंची मामी सांगायची त्यापेक्षा दोन सेंटीमीटर कमी भरली. हे नाव त्या दिवशी पडलं.

मामा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. आता तो पाकिटं जमवायचा. साधी नव्हेत, ज्यांच्यावर तिकीट आधीच छापलेलं असतं ती जुनी टपालाची पाकिटं. त्यातली एक बारा रंगांची मालिका त्याच्या जिवाला लागली होती. अकरा रंग होते, जांभळा नव्हता. गेली एकोणीस वर्षं नव्हता! त्याच नादातल्या दातांच्या डॉक्टरांकडे मात्र जांभळी दोन होती. मामाकडच्या जादा हिरव्याच्या बदल्यात ते एक द्यायला तयार झाले होते, पण अट घालून. हिरवं निष्कलंक हवं.

"निष्कलंक म्हणजे नक्की किती?" मोजपट्टीने विचारलं.

"घडी पडली की अर्धी किंमत गेली," मामा म्हणाला. "डाग पडला की उरलेल्यातली अर्धी. डिंक उडाला की आणखी अर्धी."

"आणि झाकण कातरलेलं असलं तर?"

"मग ते पाकीट नाही. रद्दी."

"हे सगळं तू डोळ्यांनी ठरवतोस? आकडे कुठायत? थांब, मी तक्ता करते. शंभरपैकी गुण. डॉक्टर काय वाद घालतील!"

मामा केस कापायला गेला. मोजपट्टी हातमोजे चढवून, चिमटा घेऊन बसली. सतरा रकाने आखले. जादा हिरवं धरून बाराही पाकिटांची लांबी, रुंदी, झाकणाची उंची मोजली. झाकण प्रत्येकाचं बरोबर एक्केचाळीस मिलीमीटर. हिरव्याला तिने नव्व्याण्णव गुण दिले. एक गुण तत्त्व म्हणून कापला.

आणि मग तिच्या हाताने, तिला न विचारता, एक गोष्ट केली. प्रयोगशाळेत ती दिवसातून वीस वेळा जे करायची तेच. लेबल नसलेला नमुना म्हणजे तिथे महापाप! हाताने पाकीट उलटं केलं, खिशातलं काळं पेन काढलं आणि मागे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नमुना १. शेरा : निष्कलंक.' खाली तारीख. खाली सही.

सहीची शेपटी ओढताना तिला घाम फुटला.

हे पेन आम्लाने पुसलं जात नाही, अल्कलीने नाही, स्पिरिटने नाही. तिला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ती चाचणी तिनेच केली होती आणि 'सर्वांनी हेच वापरावं' अशी शिफारसही तिचीच होती. तरी तिने स्पिरिट लावलं. अक्षरं जशीच्या तशी, भोवती मात्र पिवळट कडं! मग खोडरबर घेतला. अक्षरं तशीच, कागद मात्र कांद्याच्या सालीसारखा झाला.

"काय घासतेयस गं?" मामी आली.

"काही नाही."

"काही नाही ते कुणी इतकं घासत नाही! बघू... अगं बाई! थांब, पावाच्या तुकड्याने निघतं."

मामीने खाता खाता हातातलाच तुकडा फिरवला.

"मामी, याला लोणी आहे!"

"मग दुसऱ्या बाजूने घासायचं होतं, सांगायचं नाही का आधी!"

लोणी टिपायला मोजपट्टीने वर टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली. इस्त्री कोमट नव्हती.

प्रत्येक टप्प्यावर ती तक्त्यात नवे गुण मांडत होती. मांडल्याशिवाय राहवेना. नव्व्याण्णव, साठ, बावन्न, चाळीस, तेहतीस, एकवीस.

मामा आला. त्याने डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि बराच वेळ पाकीट बघितलं.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला.

"मामा, रागाव ना!"

"रागावून शाई जाते का?"

"अहो, पुढची बाजू चांगली आहे ना?" मामी म्हणाली. "पुढूनच दाखवा."

"दातांचे डॉक्टर कधी नुसतं पुढून बघतात का?"

रविवारी डॉक्टर आले, पाकिटाच्या आत बघायला दातांचा छोटा आरसा घेऊन. मामाने त्यांच्या हातात पाकीट दिलं आणि तक्ताही दिला. लपवाछपवी त्याला जमत नसे. डॉक्टर वाचत गेले.

"लोणी?"

"मामीचं," मोजपट्टी म्हणाली. "दोन मिलिग्रॅमच्या आत."

"सौदा मोडला!" डॉक्टरांनी जांभळं पाकीट बॅगेत टाकायला घेतलं. मामा त्या पाकिटाकडे पाहत होता. बॅगेची चेन लागेपर्यंत तेवढंच पाहायला मिळणार होतं.

"डॉक्टर, एक मिनिट. हे मोजून घेऊ? जांभळ्याचा रकाना रिकामा राहिलाय."

"घे, घे! शिक. याला शंभर लिही!"

तिने मोजलं. पुसून पट्टी पुन्हा लावली.

"डॉक्टर, हे आटलंय का?"

"म्हणजे?"

"बाकी बारांचं झाकण एक्केचाळीस मिलीमीटर. याचं साडेएकोणचाळीस. आणि कमी झालंय ते फक्त टोकाला."

डॉक्टरांचे कान पाकिटाच्या रंगाचे झाले. मामाने भिंग लावलं. टोक अगदी सरळ कातरलेलं होतं.

"टोकाला कीड लागली होती," डॉक्टर हळूच म्हणाले. "पसरू नये म्हणून... तेवढीच काढली."

"आणि दुसरं जांभळं?"

"ते चांगलं आहे. ते मी देत नाही."

मग मामाने हिरवं पुढे सरकवलं.

"रद्दीला रद्दी. चालेल?"

"चालेल," डॉक्टर म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता गेले.

मामाने बारा पाकिटं टेबलावर ओळीने मांडली आणि खुर्ची ओढून समोर बसला.

"मामा, याला अठ्ठावीसच गुण बसतात."

"बसू देत." त्याची नजर हलली नाही. "पण मागे लिहू नकोस."

पेन मामीने आधीच कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

सोमवारी प्रयोगशाळेत साहेबांना टेबलावर साबणाच्या वीस वड्या दिसल्या. सगळ्या एकसारख्या, सगळ्या कोऱ्या.

"यातली कोणती वडी कुठल्या कढईतली?"

"लिहिलं की किंमत जाते, साहेब," मोजपट्टी म्हणाली.

साहेबांनी खिशातून काळं पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिच्याच शिफारशीचं.

"आणि नाही लिहिलं की नोकरी!"