तायडे सरांचा आकडा

आमच्या तायडे सरांना "कसे आहात?" विचारलं, तर ते तब्येत सांगत नाहीत, आकडा सांगतात. "चारशे बारा." म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर चारशे बारा दिवस एकदाही बंद झालेला नाही. मागे लाइन गेली आणि इन्व्हर्टरनं दगा दिला, तेव्हा "शून्य" म्हणाले आणि दोन दिवस दाढी केली नाही. आता काय म्हणावं या माणसाला!

सर अकोल्याला तंत्रनिकेतनात शिकवायचे. निवृत्त होऊन अमरावतीत आमच्या शेजारी राहायला आले. घरात ते, कॉम्प्युटर आणि "उगा हात लावू नको" हे वाक्य. माझं बी-बियाण्याचं दुकान. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. बहुतेक म्हणूनच मला जवळ बसू देतात.

एकदा खुशीत म्हणाले, "काल केतकी आली होती." केतकी ही त्यांची एकुलती लेक, कॅनडात असते. आमच्या घरी लगोलग पाटोडी झाली. डबा घेऊन गेलो, तर सरांनी पडद्यावरची एक ओळ दाखवली: केतकी आली, बारा मिनिटं थांबली, गेली. ती शाळेत असताना सरांनी तिला या कॉम्प्युटरवर खातं काढून दिलं होतं. अजूनही ती तिकडून त्यात शिरते, आपल्या फायली ठेवते आणि निघून जाते. तिच्यासाठीच तो रात्रंदिवस चालू. पाटोडी आम्ही दोघांनी खाल्ली.

यंदा त्या कॉम्प्युटरचा पंखा थ्रेशरसारखा वाजू लागला. नवा कॉम्प्युटर आणला, तर सरांची जुनी फ्रीबीएसडी, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, त्याचं वायफाय ओळखेना. मग लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर जायचं ठरलं. मी विचारलं, फरक काय?

"चुलतभावाच्या घरी राहाले जाणं आहे, गजाभाऊ. भांडे तेच, फडताळ दुसरं."

घर बदलायचं तर रीतीनं. सरांनी नारळ फोडला, दूध उतू घातलं आणि देव आधी नेतात तसं केतकीचं खातं आधी नेलं. माझ्या दुकानाच्या कॅलेंडरमागे यादी लिहिली होती. ते एकेक सामान हलवत होते, मी खुणा करत होतो. मधेच काही अडलं की पडद्याला विचारत, "काहून रुसून राहिला बाबा?"

संध्याकाळी एकच ओळ उरली: घराची ओळख. ही म्हणे एक चावी असते. तिच्यावरून पाहुण्याच्या कॉम्प्युटरला कळतं की घर तेच आहे. ती नेली नाही, तर तो पाहुण्याला दारातच अडवतो आणि बोंब मारतो, की इथे दुसराच कोणी बसलाय.

"सर, हे राहिलं. केतकीले अडवन ना तो."

"अडवू दे." सर चष्मा पुसत बसले. "मी फोन केला का ती कामात राहते. इथं येते, तं बोलत नाही. दिवाळीपासून आवाज नाही आयकला तिचा. अडली तं फोन करन."

मी पेन खिशात घातलं आणि ती ओळ तशीच सोडली.

पुढचे तीन दिवस सर दाढी करून, फोनचा आवाज मोठा करून बसले होते. मी काही विचारायचं टाळलं. चौथ्या दिवशी ते फाटकातच भेटले.

"किती झाले, सर?"

"सत्तेचाळीस."

"चारच दिवस झाले ना जी."

"मिनिटं," सर म्हणाले. "फोनवर. पहिले पाच तं नुसती रागावली मले."