तिसऱ्या रांगेतला ट्रॅक्टर

ऑर्विनचा ट्रॅक्टर बंद पडला तो नेमका ऑर्विनच्याच थडग्यापुढे.

आता माणूस जिवंत असताना त्याचं थडगं कसं, असं विचारू नका. अमेरिकेतल्या आमच्या एल्क फोर्क गावात साठी उलटली की माणसं आपला दगड आधीच कोरून घेतात. नाव, जन्मसाल, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. पुढचं काम पोरांनी करायचं. ऑर्विन आणि त्याची बायको मर्लिस या दोघांचा मिळून एक दगड चर्चमागच्या दफनभूमीत तिसऱ्या रांगेत सात वर्षं उभा होता, आणि दर शुक्रवारी त्याच्याभोवतीचं गवत ऑर्विन स्वतःच कापत होता. त्यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातलं धूड नव्हे. खाली पाती लावलेला, गवत कापायचा छोटा. वय पन्नासच्या पुढे. एप्रिलमध्ये ऑर्विनने तो सगळा खोलून लालभडक रंगवला होता, दोन-दोन हात. त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, धुकं अजून झाडांत अडकलेलं असताना, तिसऱ्या रांगेत पाती मंदावली, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. मागोमाग पाखरंही गप्प झाली. ऑर्विनने मान वर केली. समोर लिहिलं होतं: ऑर्विन त्वेत, १९४९, रेघ. रेघेपुढची जागा त्या दिवशी जरा जास्तच मोकळी दिसत होती.

त्याने मर्लिसला फोन केला. ती गाडी आणि केबल घेऊन आली, गाडीच्या बॅटरीवर ट्रॅक्टर चालू करून दिला. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मर्लिसने घड्याळ बघितलं. दहा चाळीस, मागच्या दोन्ही वेळांसारखेच.

"परत?"

"परत."

"तिथंच?"

"तिथंच. हातभर इकडे."

"हातभर इकडे म्हणजे माझ्या नावाकडे?"

"नाही गं, माझ्याच."

"मग ठीक आहे," मर्लिस म्हणाली. "केबल आणते."

बॅटरी म्हातारी झाली असणार, असं ऑर्विनने मनाला बजावलं आणि नवी आणून बसवली. चौथ्या शुक्रवारी आपल्या दगडावरून तो श्वास रोखून गेला. ट्रॅक्टर थांबला नाही. ऑर्विनचा जीव भांड्यात पडला. पण दोन रांगा पुढे जाऊन ट्रॅक्टर पुन्हा तसाच खोकला आणि थांबला, सेल्मर हाउगेनच्या दगडापुढे. त्या दगडावरही रेघेपुढे मोकळंच होतं. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना ऑर्विनने ही गंमत सेल्मरला सांगितली. म्हातारा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "चला, तुझ्यावरचं गंडांतर माझ्यावर आलं म्हणायचं."

गुरुवारी सेल्मर झोपेतच गेला.

त्याचं वय एक्क्याण्णव होतं, छाती दोनदा उघडलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी अंत्ययात्रेला आलेली माणसं शवपेटीकडे कमी आणि ऑर्विनकडे जास्त बघत होती.

पाचव्या शुक्रवारी ट्रॅक्टर पामर स्टेन्सरुडच्या दगडापुढे थांबला. पामर दफनभूमी समितीचा अध्यक्ष, सदुसष्ट वर्षांचा, घोड्यासारखा धडधाकट. शेजारचा दगड १९१२ साली गेलेल्या एका बाईचा होता. तिथं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. म्हणून तो खाली उतरला आणि खांदा लावून ट्रॅक्टर तिकडे ढकलू लागला. तेवढ्यात रस्त्यावरून पामरची बायको गेली. अर्ध्या तासात पामर हजर.

"माझ्या दगडापुढे काय चाललं होतं तुझं?"

"काही नाही रे. बॅटरी उतरली."

"सेल्मरच्या वेळीही बॅटरीच उतरली होती."

पामरने त्याच दुपारी डॉक्टर गाठला आणि दुसऱ्या दिवशी मृत्युपत्रासाठी वकील. मग गावात चर्चेला ऊतच आला. ज्यांचे दगड कोरून तयार होते ते एकेक जण ऑर्विनच्या दारात येऊ लागले, हातात वाफाळता पाय, म्हणजे फळं भरून भाजलेली जाड पोळी, घेऊन. कुणाचा ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा, कुणाचा सफरचंदाचा. बोलणं हवापाण्याचं व्हायचं आणि निघताना दारात हळूच विषय निघायचा.

"आमची बाजू आधी कापत जा ना. बॅटरी ताजी असते तेव्हा."

"उत्तरेकडून सुरू केलंस तर कुणाला काय त्रास आहे?"

उत्तरेकडच्यांना होता. तेही पाय घेऊन येऊन गेले होते. शेवटी समिती बसली. पामरने उभ्या उभ्याच सांगितलं, "पुढच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्त झाला तर ठीक. नाहीतर गवताचं काम दुसऱ्याला."

एकतीस वर्षांचं काम जाणार याचं ऑर्विनला वाईट वाटलंच, पण त्याची झोप उडाली होती ती दुसऱ्याच कारणाने. मरणाच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं, एकदा नव्हे, तीनदा. सेल्मर तर मधेच घुसून पुढे गेला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. मर्लिसलाही नाही.

तो वीज मोजायचा मीटर घेऊन शेडमध्ये बसला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट दिसायला हवे होते. दिसले बारा, आणि बघता बघता तेही उतरू लागले. इंजिनच्या चाकाखाली तारांची गुंडाळी असते, ती वीज तयार करते. तिथं मीटर लावला तर आकडा ठणठणीत. म्हणजे वीज तयार होत होती आणि बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. मधे काहीतरी ती गिळत होतं. मधे होता फक्त रेग्युलेटर, मुठीएवढी पत्र्याची डबी. ऑर्विनने नवी डबी आणली, जुनीच्या जागी बोल्टने आवळली आणि इंजिन चालू केलं.

बारा.

शेडमध्ये एकाएकी गार वाटायला लागलं. त्याने इंजिन बंद केलं आणि उपड्या बादलीवर बसून राहिला. मर्लिस जेवायला बोलवायला आली तरी त्याने मान वळवली नाही.

"काय झालं?"

"सगळं नवं आहे, सगळं ठीक आहे. तरी चार्ज होत नाही."

"मग?"

"मग काय. ज्याला थांबवायचं तो थांबवतोय."

मर्लिसने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग ट्रॅक्टरकडे. "या मीटरचं काळं टोक कुठं लावतात?"

"उघड्या लोखंडाला. अर्थिंगला."

"इथं उघडं लोखंड आहे कुठं? कण न् कण रंगवलायस. त्या डबीच्या खालीसुद्धा."

ऑर्विन बादलीवरून उठला. डबीचं अर्थिंग तिच्या अंगातूनच जातं, ती ज्या पत्र्यावर आवळली असते त्या पत्र्यात. आणि मधे वीज अडवणारे लाल रंगाचे दोन हात बसले होते. त्याने डबी काढली, खालचा पत्रा चाकूने चकचकीत होईपर्यंत खरवडला, डबी पुन्हा आवळली. चौदा पूर्णांक एक.

रविवारी तो मीटर घेऊनच चर्चच्या तळघरात गेला. भूत नाही, बोलावणं नाही, रंग होता, असं प्रत्येकाला आकड्यांसकट सांगत सुटला. ठराविक विजेवर ठराविक वेळ चालायचा, आणि वाट नेहमीची, म्हणून त्याच जागी थांबायचा; बॅटरी नवी आली तेव्हा थोडा पुढे. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पाय यायचे त्या दिवसापासून बंद झाले. शुक्रवारी त्याने दफनभूमी एका दमात कापली.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा धुकं होतं. पाचव्या रांगेत त्याला कुणीतरी बसलेलं दिसलं आणि त्याने वेग कमी केला. जवळ गेला तर थोराबाई. चौऱ्याण्णव वर्षांच्या. रविवारच्या शाळेत अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, ऑर्विनलाही. नवऱ्याशेजारच्या आपल्या दगडापाशी घडीची खुर्ची टाकून, चर्चचे कपडे, टोपी, हातमोजे घालून त्या बसल्या होत्या.

"बाई, इथं काय करताय?"

"वाट बघतेय. तुझा ट्रॅक्टर सगळ्यांच्या दारात थांबला. माझ्या नाही थांबला."

"तो आता दुरुस्त झालाय. रंगामुळे होत होतं."

"ऐकलं. नुसती वीज होती म्हणे. मग इथं बंद करायला तुझी काय हरकत आहे?"

"गवत राहिलंय बरंच."

"ऑर्विन, आठ वर्षांचा होतास तेव्हाही असंच वर बघून खोटं बोलायचास. किल्ली फिरव."

त्याने फिरवली नाही. बाई उठल्या आणि हातमोजा घातलेल्या हाताने त्यांनीच ती फिरवली.

इंजिन थांबलं, पाती गरगरत मंद झाली. धुक्यात कुठं एक पाखरू बोलेना. बाईंनी डोळे मिटले. ऑर्विन त्यांच्या छातीकडे बघत राहिला, हलतेय की नाही. मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग बाईंनी एक डोळा उघडला.

"काही नाही."

"नाही."

"चालू होतो का बघ." झटक्यात चालू झाला. बाईंचं तोंड जरा उतरलं. "चल, आता तुझ्याकडे."

"माझ्याकडे कशाला?"

"गेल्या शुक्रवारी तू तिथलं गवत सोडून दिलंस. माझी खिडकी इकडेच आहे."

ऑर्विनने इकडे तिकडे बघितलं. दोघांशिवाय कुणी नव्हतं. "बाई, मला भीती वाटते हो."

"वाटणारच. मला काय वाटत नाही? उगीच नाही टोपी घालून आले."

तो अगदी हळू निघाला, बाई मडगार्ड धरून शेजारून चालल्या. तिसऱ्या रांगेत, त्या मोकळ्या जागेसमोर, त्याने स्वतः किल्ली फिरवली. सगळं शांत झालं. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला स्वतःच्या कानातले ठोके ऐकू येत होते, आणि ते थांबत नव्हते. बऱ्याच वेळाने त्याने किल्ली उलटी फिरवली. इंजिन लगेच चालू झालं. ऑर्विनने बाहीने डोळे पुसले आणि पेट्रोलचा वास फार येतो म्हणाला.

थोराबाई मागे वळून आपल्या दगडाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे यंदाही हिवाळ्यासाठी घेवड्याच्या शेंगा बरण्यांत भरायच्या."

"भरायच्या, बाई."

"मग मर्लिसला सोमवारी पाठव. माझ्याच्यानं आता झाकणं घट्ट होत नाहीत."