खटावकरांचा कुकर

न विचारता सल्ले दिल्याबद्दल मधुसूदन खटावकरांना शिक्षा झाली, आणि अर्धी भोगून झाल्यावर त्यांना सरकारी कुकरच्या देखरेखीखाली पॅरोलवर सोडण्यात आलं.

कुकर पाच लिटरचा होता. खटावकर जातील तिथे तो बरोबर असायचा. सल्ला दिला की शिटी. तिसऱ्या शिटीला पुन्हा आत. त्यात वरणभात लावायला सक्त मनाई होती, आणि ते बरोबरच होतं.

तक्रार त्यांच्या मुलानेच, निनादने केली होती. त्याने कॉलेज सोडल्यापासून बाप दिवसभर ऐकवायचा. जन्मभर एका टेबलाशी बसून त्या टेबलाचंही भलं न केलेला हा माणूस जगाला आयुष्य शिकवायचा. पहिली शिटी बाप सुटून घरी आला त्याच दिवशी झाली. "निदान परीक्षेला तरी बस." दुसरी दूधवाल्याला दिलेल्या सल्ल्यापायी.

मग बाप गप्प झाला. पोह्यांत मीठ नसलं तरी खायचा. निनाद उशिरापर्यंत लोळत पडला तर दाराशी यायचा, तोंड उघडायचा, कुकरकडे बघून परत फिरायचा. निनादला हे आवडायला हवं होतं.

शेवटच्या हजेरीला निनाद बरोबर गेला, कारण कुकर उचलायला बापाची कंबर धड नव्हती. पॅरोल अधिकारी बिडकर मॅडमनी झाकण तपासलं. "प्रगती चांगली आहे," म्हणाल्या आणि सुटकेचा शिक्का उचलला.

तेवढ्यात बाप हळूच म्हणाला, "शर्ट आत खोच. मॅडमसमोर आलायस."

कुकरने शिटी दिली.

मॅडमनी शिक्का खाली ठेवला. "खटावकर, कपड्यांची पिशवी आणलीय?"

"मीच विचारलं होतं," निनाद म्हणाला. "आत खोचू की बाहेर ठेवू."

"हा तुम्हाला विचारतो?" मॅडमनी खटावकरांना विचारलं.

"विचारतो की," निनादच म्हणाला. "सारखा विचारतो."

कुकरने थोडा विचार केला आणि शिटी परत आत ओढून घेतली. शिक्का बसला.

खोट्या साक्षीचा निकाल घरपोच येतो. आठवड्याने निनादच्या नावाने दोन लिटरचा कुकर आला. अट एकच होती, खोटं बोललं की शिटी. आईने तो ओट्यावर ठेवला.

बापाने कुकरकडे बघत विचारलं, "शर्टाचं खरंच विचारणार होतास?"

"छे," निनाद म्हणाला.

कुकर गप्प.

"मग जाऊ द्यायचंस मला आत."

"तेच हवं होतं मला."

शिटी झाली. आईने सवयीने चहाखालचा गॅस बारीक केला.