वाचता न आलेली अकरा सेकंदं

कोणतीही जबाबदार व्यवस्था चूक एकदम मान्य करत नाही. आधी ती पुन्हा विचारते. संगणकाच्या पोटातला कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्रभागांचा हेडक्लार्क, या बाबतीत आदर्श आहे. डिस्कवरचा एक तुकडा वाचता आला नाही, तर तो तीस सेकंद वाट पाहून पुन्हा मागतो. असं पाच वेळा. मग डिस्कला झोपवून उठवतो, तिच्या शेजाऱ्यांनाही उठवतो (त्यांचा काहीएक दोष नसतो), आणि शेवटी अख्खी डिस्क ‘गैरहजर’ म्हणून नोंदवतो. बाबांच्या बुलढाण्याच्या कार्यालयातही हीच पद्धत होती. फक्त सेकंदांऐवजी दिवस.

बाबा फेब्रुवारीत गेले. त्याआधी ‘घर चालवण्याबाबत सूचना’ त्यांनी अडतीस मिनिटं बोलून डिस्कवर ठेवल्या होत्या. डिस्क सोळाव्या मिनिटाला गैरहजर व्हायची. तीन दिवसांनी नळ येणार होता, आणि पाण्याची मोटर कशी लावायची हे फक्त बाबांना ठाऊक.

मी पोटापाण्यासाठी कर्नलच दुरुस्त करते. त्याच्या नियमांत मी एक सुधारणा केली: तुकडा मिळाला नाही तर तशी नोंद घेऊन पुढे जावं, एकापायी बाकीचे सगळे गेले असं समजू नये. (सात ओळी. दोन दिवस लागले.)

“झालं काय वं?” आईनं चौथ्यांदा विचारलं.

“हाव. बस इथं.”

सोळावं मिनिट आलं. बाबांचा आवाज खणखणीत, आईला उद्देशून: “सुहासिनी, मोटर लावायच्या आंधी...” अकरा सेकंद शांतता. “...नाहीतं मोटर जळंन, मंग मले सांगू नको.”

“आंधी काय?” माझ्या भावानं, चिन्मयनं विचारलं.

“मले काय माईत, बाप्पा!” आई डोळे पुसत हसत होती. “नळ आला का दरखेपी सांगत होते. मी नुसती हाव म्हनत होती. तू तं तेही नाही.”

चौकशीअंती निष्पन्न झालं ते असं: नळ चार दिवसांआड, कालावधी एकोणीस वर्षं, सूचना सुमारे चौदाशे वेळा प्रसारित. श्रोते तीन. नोंद कुठेही नाही. पाच वेळा विचारणाऱ्या कर्नलला मी उगाच नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशीही आम्ही बादल्यांनीच पाणी भरलं. आई ती अडतीस मिनिटं आता रोज ऐकते, आणि त्या अकरा सेकंदांपाशी न चुकता “हाव” म्हणते.

आपण हे वाचत असताना आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी सांगितलं. आपण “हो” म्हणालात.