उशिरा पोहोचलेले साहेब

माझे सॉफ्टवेअर निरोप बुडवत नाही, हे मी कोणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार होतो! त्याला टॉवर लागत नाही की इंटरनेट. दोन मोबाईल जवळून गेले, की एका खिशातला निरोप दुसऱ्या खिशात उतरतो आणि मजल दरमजल करीत मुक्कामी पोहोचतो. एका भेटीत एकच निरोप; गती मंद, पण निष्ठा अढळ.

चाचणी घेणाऱ्या ताईंचे म्हणणे, जुने निरोप महिन्याभराने आपोआप पुसावेत, आणि निरोप लिहिल्याची वेळही दाखवावी. मी दोन्ही सूचना खोडून काढल्या. निरोप म्हणजे दूध नव्हे, नासायला.

त्या दुपारी सातव्या मजल्यावर नव्या साहेबांसमोर प्रात्यक्षिक होते. पसंत पडले तर प्रकल्प चालू. नाहीतर माझी रवानगी तळघरातल्या दफ्तरखान्यात. इंटरनेट तोडले, माझा मोबाईल भिंतीवरच्या पडद्याला जोडला. इतक्यात शिपाई पाणी घेऊन आला आणि त्याच्या खिशातून पहिला निरोप पडद्यावर उमटला.

‘मी आलोय. लिफ्ट बंद आहे, जिन्याने येतो.’

पाठवणारे जुने साहेब. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या शोकसभेत मी अर्धा तास बोललो होतो.

नवे साहेब हसले, पण नुसते ओठांनी. “लिफ्ट बंद आहे का हो?”

“सकाळपासून,” शिपाई म्हणाला.

टंकलेखिका फाईल घेऊन आत आल्या. ‘चौथा मजला. दम लागलाय.’

कोणी कोणाकडे पाहीना. बाहेर पावले वाजली, दारापाशी थांबली.

‘दारात आहे. उघडा.’

टकटक!

भुतांच्या अस्तित्वाविरुद्धचे माझे सारे युक्तिवाद पाठ होते. ते मनाशी म्हणतच मी कपाटाआड सरकलो. “ताई, जरा उघडता का?”

“निरोप तुम्हाला आलाय,” ताई म्हणाल्या. पण उठल्या त्याच.

दारात वहिनी होत्या, जुन्या साहेबांच्या पत्नी. कागदांवर सह्या करायला जिना चढून आल्या होत्या; वाटेत शिपाई आणि टंकलेखिका त्यांच्या जवळून गेले होते. यांचा मोबाईल आज सकाळीच चार्ज करून पर्समध्ये टाकला, म्हणाल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी, सुट्टी असूनही, मी इथेच असेन असे समजून साहेब मला भेटायला इथवर चढून आले होते. इमारतीत चिटपाखरू नव्हते. निरोप न्यायला कोणी भेटलेच नाही. निरोप खिशातच राहिले, आणि मोबाईलनेही मान टाकली.

नव्या साहेबांनी घाम पुसला. “मानलं तुम्हाला. दोन महिन्यांनी का होईना, पोहोचवलंच!”

माझी छाती फुगते न फुगते, तोच चौथा निरोप आला.

‘तोंडावर सांगायचं होतं. हा प्रकल्प बंद करा. काही उपयोगाचा नाही.’

साहेबांनी तो दोनदा वाचला, वहिनींकडे पाहिले आणि हात जोडले. “गेलेल्या माणसाचा शब्द मोडवत नाही हो.”

ताईंच्या दोन्ही सूचना वहीत उतरवून घेत मी तळघराच्या जिन्याकडे वळलो.