ओळख पटवणारा जानूबाबा

जानूबाबा माणसाला तोंडावरून ओळखत नसे, टाचेवरून ओळखे. तुम्ही समोरून आलात तर तो तुमच्या चेहऱ्याकडे बघायचाच नाही. तुम्ही चार पावलं पुढे गेलात की मागून हाक यायची, "तू तो जव्हारचा फोटूवाला ना? डावी टाच घासतोस." मी आयुष्यभर लोकांचे चेहरे टिपून पोट भरणारा माणूस. माझी ओळख चपलेवरून पटावी, याचं मला पहिल्यांदा जरा वाईटच वाटलं. घरी येऊन चप्पल उलटी करून पाहिली. डावी टाच खरोखरच घासलेली होती.

पोशेऱ्याच्या अलीकडे एका पाड्यावर तो राहायचा. जन्मभर कोतवाल म्हणून नोकरी केलेली, म्हणजे सरकारी कागद पाड्यापाड्याला पोचवायचे, दवंडी द्यायची आणि साहेब आला की त्याच्या मागे चालायचं. टाचांचं ज्ञान त्याला तिथेच झालं. "कोतवालानं पुढं चालायचां नसतं. साहेब पुढं, मी मागं. मागून काय दिसतं सांग तू?" असं तो मलाच विचारायचा. 'तू' तो सगळ्यांनाच म्हणे. त्याच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच, त्यामुळे "साहेब, तू बस, मी पाणी आणतो" हे वाक्य त्याने किती तहसीलदारांना ऐकवलं असेल, याची गणती नाही.

नोकरी संपली तरी मतदानाच्या दिवशी त्याच्याशिवाय पान हलत नसे. शाळेतल्या केंद्रावर सगळ्या पक्षांचा मिळून तो एकटाच एजंट. कायद्यात हे कसं बसत होतं ते विचारू नका. यादीत एकाच नावाच्या सहा सोमी आणि चार काशा, आणि ठाण्याहून आलेला अधिकारी घामाघूम. अशा वेळी कोपऱ्यातून आवाज यायचा, "आपली हाय, सोड." की लागली शाई.

एकदा एक गडी तोंडाला मफलर गुंडाळून दुसऱ्याच्या नावावर आला. जानूबाबाने त्याला आत जाऊ दिलं, मागून निरखलं आणि म्हणाला, "ही टाच घाटाखालची हाय. चिखलातली. आमची दगडावरची असते." गडी मुकाट्याने मागे फिरला. तर जानूबाबा त्याच्यामागे धावत गेला आणि म्हणाला, "एवढा चढ चढून आलास, चहा पिऊन तरी जा." दोघांनी शाळेमागच्या झोपडीत बसून चहा घेतला.

नव्वदच्या दशकात फोटोची ओळखपत्रं निघाली, आणि आमच्या तालुक्यांतलं काम मला मिळालं. जव्हारच्या बाजारात अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं, त्याच जागेत मी स्टुडिओ थाटला होता. कॅमेरा, पांढरी चादर आणि घडीची खुर्ची घेऊन मी पाडे पालथे घालू लागलो. जानूबाबाच्या शाळेत पोचलो तेव्हा दिवाळी होऊन महिना-दीड महिना झालेला. यादीत नावं शेकड्याने, आणि खुर्चीसमोर रांग म्हाताऱ्यांची.

"तरणी माणसं कुठं आहेत?" मी विचारलं.

"भट्टीवर. विटा पाडायला. आखातीला येतील, पावसाच्या तोंडावर," जानूबाबा म्हणाला. "तू आता म्हाताऱ्यांचे नि कोंबड्यांचे फोटू काढ."

त्याची पाळी आली तेव्हा तो खुर्चीवर बसला तो माझ्याकडे पाठ करून. "घे. मना लोक इकडूनच ओळखतात." मी हात जोडले, सरकारी नियम सांगितला, शेवटी चिडलोसुद्धा. तो ढिम्म. ओळखपत्र त्याला मिळालंच नाही.

तिथून आमचा वाद सुरू झाला तो दहा वर्षं चालला. बाजाराला जव्हारला आला की तो स्टुडिओच्या पायरीवर बसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "या फोटूवाल्यानं माझा धंदा बुडवला." त्याच्या गावचे गुरुजी एसटीची वाट बघत तिथे टेकायचे, आणि त्यांचं मत माझ्यासारखंच होतं. ते म्हणायचे, "बाबा, तुमच्या पाड्यावर तुम्ही आहात. दुसरीकडे मेलेली माणसं मतं टाकून जातात, त्याचं काय? आणि उद्या तुमचं कोणाशी वाकडं आलं, तुम्ही म्हणालात 'हा आपला नाही', तर त्याने कोणाकडे जायचं? साऱ्या गावाचं मत एका म्हाताऱ्याच्या मानेवर ठेवायचं काय?"

मुद्दा खरा होता आणि जानूबाबालाही तो कळत होता. तो म्हणायचा, "ते खरां. पन फोटूच्या टायमाला जो गावात नव्हता, तो काय गावचा नाय?"

"पुन्हा काढतील की त्याचा."

"तो परत आला तर."

मी आणि गुरुजी हसायचो. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचा मान गेला म्हणून हा जळफळाट आहे. ओळखपत्रं आली तेव्हा तर त्याला आयतंच कोलीत मिळालं. एका सासऱ्याच्या कार्डावर जावयाचा फोटो होता, आणि एका म्हातारीचं वय एकोणीस लागलं होतं. जानूबाबा ती कार्डं घरोघर जाऊन बघायचा आणि मला निरोप धाडायचा, "फोटूवाल्याला सांगा, म्हातारी लग्नाची झाली."

पुढे एका निवडणुकीला नियम कडक झाला. फोटोचं कार्ड दाखवा, नाहीतर ठरलेल्यांपैकी दुसरा कागद. त्या वर्षी मतदानाच्या चित्रीकरणासाठी मला नेमकं त्याच्याच केंद्रावर पाठवलं. नवा अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने जानूबाबाला नमस्कार केला आणि सांगितलं, "बाबा, आता तुम्हाला त्रास नको. कार्ड बघून आम्हीच सोडतो." जानूबाबा उठला. भिंतीवर नियमांचा कागद लावला होता, तो त्याने मला वाचायला सांगितला. एका ओळीशी त्याने मला थांबवलं. रेशनकार्ड चालेल, मात्र घरातल्या इतर माणसांसाठी कुटुंबप्रमुखाने सोबत येऊन त्यांची ओळख पटवली पाहिजे. ती ओळ त्याने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग घरी जाऊन रेशनकार्ड घेऊन आला आणि केंद्राभोवतीच्या चुन्याच्या रेघेबाहेर, मोहाच्या झाडाखाली बसला.

सकाळ गेली, दुपार गेली. लोक येत होते, कार्ड दाखवत होते, बोटं बघत घरी जात होते. कोणाला जानूबाबाची गरज पडली नाही. दर वेळी मतदानाला पहिला नंबर लावणारा माणूस त्या दिवशी जागचा हलत नव्हता. खोडाळ्याकडची एसटी आली की उभा राहायचा, उतरलेली माणसं बघायचा आणि पुन्हा बसायचा. मला वाटलं, रुसलाय. पाचाला पंधरा मिनिटं कमी असताना मीच त्याच्याकडे गेलो.

"बाबा, चला. रेशनकार्ड आहे ना? मत देऊन टाका. राग माझ्यावर काढा."

"राग नाय रं," तो म्हणाला. त्याने कार्ड उघडून माझ्यापुढे धरलं. मऊ पडलेल्या त्या कागदावर पहिलं नाव त्याचं, दुसरं त्याच्या मेलेल्या बायकोचं, त्यावर काट मारलेली, आणि तिसरं देवकीचं. त्याला मुलगी आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"यादीतपन हाय तिचा नाव," तो सांगू लागला. "नावां कापायला माणूस येतो, त्याला मी दर खेपेला सांगतो, आपली हाय, भट्टीवर गेलीय, येल."

"किती वर्षं झाली?"

"तू फोटू काढाया आलास ना, त्याच्या आदल्या सालापासून." मग त्याने रस्त्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात, बाकीचं सांगितलं. भट्टीवरच्या एका परगावच्या पोराबरोबर तिने घर केलं होतं. त्याला घेऊन ती पाड्यावर आली. सगळा पाडा जमला. लोकांनी विचारलं, जानू, ही तुझीच ना? "मी कोतवाल मानूस. सगळ्यांच्या म्होरं बोललो, मी हिला वळखत नाय. ती काय बोलली नाय. गेली."

दहा वर्षं मी या माणसाची थट्टा करत होतो, आणि आता मला माझी शरम वाटली.

"घरी कशाला येल ती?" तो म्हणाला. "पन मताला येल. मत तिचा सोताचा हाय, माझा नाय. आली नि साहेबानं इचारलां, ही कोण, तर मना सगळ्यांच्या म्होरं सांगायचां हाय, ही माझी पोर. आता तर कागदावरच लिव्हलाय, का बापानंच सांगायचां."

"सांगा ना बाबा. पण आता पाच वाजत आले. निदान तुमचं मत तरी द्या."

"मी आत गेलो नि तितक्यात ती आली तर? एकदा बोटाला शाई लागली का मना परत आत सोडतील काय?"

मी कॅमेरा मांडीवर ठेवून त्याच्याशेजारी बसून राहिलो. पाच वाजता अधिकाऱ्याने दारात येऊन, "रांगेत कोणी आहे का?" असं दोनदा विचारलं. जानूबाबाने रस्ता एकदा वळणापर्यंत पाहून घेतला आणि मान हलवली. शाळेचं दार लागलं.

त्याने रेशनकार्ड फडक्यात गुंडाळलं, कमरेला खोचलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

"फोटूवाल्या, आता परत कदी?"

"ही पाच वर्षांनी."

त्याचा चेहरा इतका उतरला की मी घाईघाईने म्हणालो, "पण मध्ये पंचायतीची आहे ना. ती येईल दीड-दोन वर्षांत."

"पंचायतीला पन शाळंतच ना? हाच रस्ता?"

"हाच."

"मंग लई दूर नाय," तो म्हणाला आणि पाड्याच्या वाटेला लागला.